गृहस्थाचे अग्निशामक साधन : निगा आणि पालट यांचा इतिहास
(देऊळगाव राजाच्या संदर्भात)

अग्निशमनाच्या साधनांचा इतिहास बहुधा शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. अमुक साली अमुक गृहस्थाने अमुक रसायन नळकांड्यात भरले, त्यास एकस्व मिळाले, पुढे त्याहून प्रभावी रसायन सापडले, अशा क्रमाने ती हकीकत सांगण्यात येते. ती खोटी नाही. तथापि घर सांभाळणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ती अपुरी आहे. घरातील अग्निशामक ऐन वेळी दगा देतो तो त्यातील रसायन जुन्या पिढीचे असल्यामुळे क्वचितच. तो रिकामा झालेला असतो, आतून गंजलेला असतो, त्याची तोटी तुंबलेली असते, किंवा धान्याच्या कोठीमागे तो कोणाच्या हाती लागत नाही. म्हणजे गृहस्थापुढील खरा प्रश्न निगेचा आणि वेळच्या वेळी पालट करण्याचा आहे. या अंगाने इतिहास पाहू लागल्यास एक गोष्ट स्पष्ट दिसते. जुन्या घरात आग विझविण्याची साधने रोजच्या वापरातली होती आणि वापरामुळेच ती शाबूत राहात असत. आधुनिक साधन मुद्दाम वापराबाहेर ठेवलेले असते. जे वापरात नाही त्याची निगा कोणी व केव्हा राखावयाची, हा प्रश्न या बदलातून निर्माण झाला आणि घरोघरी तो अद्याप सुटलेला नाही.

हे पाहण्यास देऊळगाव राजा हे ठिकाण सोयीचे आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागातील हे तालुक्याचे गाव जालन्यापासून सुमारे ३० किलोमीटरवर वसलेले आहे. सिंदखेडच्या जाधव घराण्याशी त्याचे नाते आहे आणि बालाजीच्या देवस्थानामुळे त्याचे नाव विदर्भ-मराठवाड्यात सर्वत्र परिचित आहे. १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले, जालना निजामाकडेच राहिले. त्यामुळे दोन राज्यांच्या सीमेवरील बाजारपेठेचे गाव असे त्याचे स्वरूप दीर्घकाळ होते. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाने वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी भाव आला, १८७० मध्ये खामगावला आगगाडी पोहोचली आणि साऱ्या जिल्ह्याचे अर्थकारण कापसाभोवती फिरू लागले. आगीच्या इतिहासात या घटनेचे महत्त्व असे की, शेतकऱ्याच्या घरात पूर्वी कधी नव्हते इतके ज्वालाग्राही द्रव्य साठू लागले.

या भागातील जुने घर धाब्याचे अथवा माळवदाचे असे. लाकडी तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर काटक्या व पाला, आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी त्याची रचना असे. शेजाऱ्याच्या घरून उडालेली ठिणगी गवती छपराला जशी धरते तशी मातीच्या धाब्याला धरत नाही. या दृष्टीने धाबे हे स्वतःच एक अग्निरोधक साधन होय. मात्र आग आतून लागली व तुळयांपर्यंत पोहोचली, तर तोच मातीचा भार खाली येतो. मृगापूर्वी दरवर्षी धाब्यावर नवी पांढरी माती टाकण्याची जी वहिवाट होती ती पावसासाठी होती. ठिणगीपासून होणारे रक्षण तिच्यातून आपोआप साधत असे. घराच्या भिंतीला लागून पऱ्हाट्यांचा ढीग, गोठ्यापाशी कडब्याची गंजी आणि आतल्या खोलीत भावाची वाट पाहणारा कापूस हे या घराचे नित्याचे चित्र. १९७२ साली सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेच्या काळात तर खरेदी केंद्रावर क्रम लागेपर्यंत कापूस घरात ठेवणे अनेकांना भाग पडे. हे सर्व द्रव्य अगदी वाळलेले असते तो काळ फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंतचा, आणि आडाचे पाणी तळाला जाते तोही हाच काळ. पुढे खडकपूर्णा नदीवर संत चोखासागर हा जलाशय झाला. तथापि ज्या महिन्यांत आगीचे भय अधिक त्याच महिन्यांत घरातले पाणी कमी, ही या प्रदेशाची मूळ अडचण आहे.

अशा घराने आगीविरुद्ध काय बाळगावे याचा विचार फार प्राचीन आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात नागरकाची, म्हणजे नगराच्या मुख्य अधिकाऱ्याची, कर्तव्ये सांगताना हा विषय विस्ताराने आला आहे. रा. प. कंगले यांनी सिद्ध केलेली या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती मुंबई विद्यापीठाने १९६० पासून प्रसिद्ध केली. तिच्या आधारे तो भाग आता सहज पाहता येतो. उन्हाळ्यात दिवसाच्या मधल्या दोन प्रहरांत घरात अग्नी पेटविण्यास तेथे मनाई आहे. स्वयंपाक करावयाचाच तर घराबाहेर करावा असे सांगितले आहे. गवताने व चटयांनी शाकारलेली छपरे काढून टाकावीत, अग्नीवर उपजीविका करणाऱ्यांना एका जागी वसवावे, रस्त्यांवर व चौकांत पाण्याच्या घागरींच्या रांगा ठेवाव्यात, अशा तरतुदी आहेत. आग लागली असता धावून न जाणाऱ्या घरमालकास १२ पण दंड, भाडेकऱ्यास ६ पण. निष्काळजीपणाने आग लावणाऱ्यास ५४ पण.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची तरतूद गृहस्थाने घरी ठेवावयाच्या साधनांची आहे. पाच घट, कुंभ, द्रोणी, निश्रेणी, परशु, शूर्प, अंकुश, कचग्रहणी आणि दृति ही साधने ज्याच्या घरी नसतील त्यास पाव पण दंड सांगितला आहे. ही यादी वऱ्हाडातील कोणत्याही जुन्या घराला अपरिचित वाटणार नाही. कुंभ म्हणजे मोठा घडा. त्याचे काम रांजण करीत आला. द्रोणी म्हणजे गुरांना पाणी पाजावयाची डोणी. निश्रेणी या शब्दाचे रूप मराठीत निसण, निसणी असे टिकून आहे. परशूची फरशी झाली, शूर्पाचे सूप झाले. दृति म्हणजे कातड्याची पखाल. ती वाहणारे पखाली अगदी अलीकडच्या पिढ्यांनीही पाहिले आहेत. कचग्रहणी, म्हणजे छपराचे पेटते गवत ओढून काढावयाचा आकडा, एवढे एकच साधन असे की ज्याचा आगीवाचून फारसा उपयोग नाही. बाकी सारी साधने स्वयंपाकघरातली, गोठ्यातली व खळ्यावरची आहेत.

दंड साधने नसल्याबद्दल आहे. घट रिकामा असल्याबद्दल वेगळा दंड सांगितलेला नाही. याचे कारण उघड दिसते. ज्या घटातून घर पाणी पिते तो रिकामा राहू शकत नाही; तो फुटला तर दुसऱ्या दिवशी नवा आणावा लागतो. पखालीला भोक पडले तर ते त्याच दिवशी कळते. सुपाची निगा धान्य राखते आणि निसणीची निगा धाबे राखते. निगा आणि पालट या दोन्ही गोष्टी संसाराच्या राहाटीत मुरलेल्या होत्या. त्यांच्यासाठी कोणाला दिनदर्शिका पाहावी लागत नव्हती. या व्यवस्थेची मर्यादाही मान्य केली पाहिजे. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ च्या फेब्रुवारीत पेटला तेव्हा ती आग सात दिवस धुमसत होती. मोठ्या लाकडी वास्तूपुढे घागरी व पखाली यांचे बळ किती, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले.

मराठी भाषेतही या जुन्या व्यवस्थेची एक खूण उरली आहे. आग विझविण्याच्या गाडीला मराठीत ‘आगीचा बंब’ म्हणतात आणि स्नानाचे पाणी तापविण्याच्या तांब्याच्या भांड्यालाही बंबच म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज ‘बोम्बा’शी, म्हणजे पाण्याच्या पंपाशी, जोडला जातो. ज्या भांड्याच्या पोटात निखारे व भोवती पाणी असते त्याला आणि आगीवर पाणी फेकणाऱ्या यंत्राला एकच नाव मिळावे हे नवल आहे; पण न्हाणीघरातला बंब रोज सकाळी भरला जाई, चिंचेने घासला जाई, त्याची तोटी गळू लागली की तांबटाकडे जाई. गृहस्थाच्या घरी त्याहून चांगली निगा राखले जाणारे पाण्याचे भांडे नव्हते.

साधन वापराबाहेर ठेवण्याची कल्पना या प्रदेशात आली ती कापसाच्या कारखान्यांबरोबर. सरकी काढणाऱ्या व गठाणी बांधणाऱ्या कारखान्यांत लाल रंगाच्या बादल्या ओळीने टांगलेल्या असत, काहींत पाणी, काहींत वाळू. या बादल्यांचे बूड सपाट नसून गोल असते. ती जमिनीवर ठेवली तर कलंडते. कोणी ती धुण्यासाठी, गुरांसाठी किंवा चुना कालविण्यासाठी नेऊ नये म्हणून हे बूड गोल केले गेले. भारतीय मानकातही ९ लिटरची आगीची बादली गोल बुडाचीच आहे. कौटिल्याच्या यादीपासून हा पूर्ण उलटा प्रवास होय. तेथे भांडे रोज वापरले जाते म्हणून आगीच्या वेळी हाताशी असते. येथे ते आगीच्या वेळी हाताशी राहावे म्हणून एरवी वापरता येणार नाही असे घडविले आहे. या युक्तीने बादली जागेवर राहिली खरी, पण तिच्यातील पाणी वाफ होऊन उडाले, वाळूत विड्यांची थोटके साचली, आणि ते पाहणारा कोणी राहिला नाही. कारखान्यात निदान त्यासाठी एक माणूस नेमता येतो. घरात तसा माणूस नेमलेला नसतो.

बादलीच्या पुढची पायरी बंद नळकांड्याची. तिचा उगम युरोपात आहे. १७२३ साली लंडनमधील रसायनज्ञ अँब्रोज गॉडफ्री याने द्रवाने भरलेल्या पिंपात बंदुकीच्या दारूची कुपी बसवून ते आगीत फोडण्याची योजना केली. या साधनाला निगा नव्हतीच. एकदा फुटले की दुसरे आणावयाचे. १८१८ साली कॅप्टन जॉर्ज विल्यम मॅन्बी याने तांब्याच्या भांड्यात सुमारे साडेतेरा लिटर पोटॅशचे द्रावण भरून वर हवा दाबली. हातात धरून तोटी सोडावयाच्या आजच्या अग्निशामकाचा पूर्वज तो हाच. मात्र दाबलेली हवा हळूहळू निसटते आणि बाहेरून पाहणाऱ्यास काही कळत नाही. फ्रान्समधील फ्रांस्वा कार्लिए याने १८६६ मध्ये ही अडचण टाळली. त्याने दाब साठवून न ठेवता ऐन वेळी निर्माण करण्याची युक्ती काढली : पाण्यात खाण्याचा सोडा आणि वेगळे ठेवलेले टार्टारिक आम्ल. दोन्ही एकत्र आले की कर्बद्विप्राणिल वायू निर्माण होऊन पाणी जोराने बाहेर पडते.

टार्टारिक आम्लाच्या जागी पुढे गंधकाम्लाची काचेची कुपी आली आणि सोडा-आम्ल अग्निशामक म्हणून हे साधन जगभर पसरले. भारतातील कचेऱ्या, चित्रपटगृहे, शाळा यांच्या भिंतींवर विसाव्या शतकाचा मोठा काळ ते टांगलेले होते. त्याचा छेद काढून नावे द्या, हा प्रश्न विज्ञानाच्या परीक्षेत विद्यार्थ्यांना परिचित होता. अनेकांनी ते यंत्र हाताळण्याआधी वहीत काढले आणि पुष्कळांनी केवळ वहीतच काढले. त्याच्या निगेचे स्वरूप ध्यानात घेण्यासारखे आहे. वर्षातून एकदा ते रिकामे करावे, आतून धुवावे, तोटीतील क्षार काढावेत, ठरलेल्या वजनाचा सोडा कोमट पाण्यात पुरता विरघळवून भरावा, आम्लाची नवी कुपी बसवावी, झाकणाचे वॉशर पाहावे. यांपैकी कोणतेही काम तालुक्याच्या गावी न होण्यासारखे नव्हते. सोडा किराणा दुकानात मिळतो, गंधकाम्ल शाळेच्या प्रयोगशाळेत असते. निगेच्या दृष्टीने हे यंत्र गावाच्या आवाक्यात होते, आणि हा त्याचा गुण शोधांच्या इतिहासात सहसा नोंदला जात नाही.

त्याचा दोष मात्र जीवघेणा होता. नळकांड्यात एरवी दाब नसतो. दाब निर्माण होतो तो ते हातात धरलेले असतानाच. पत्रा आतून क्षाराने व आम्लाने खंगला असेल आणि तोटी तुंबली असेल, तर त्याची परीक्षा आगीसमोर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात होते. नळकांडे फुटून माणसे जखमी होण्याचे व दगावण्याचे प्रकार निरनिराळ्या देशांत घडले. अमेरिकेत या जातीचे उत्पादन १९६९ मध्ये थांबले. भारतात हातात धरावयाच्या अग्निशामकांसाठी २००६ साली जे एकत्रित मानक झाले त्यात पाणी, फेस, भुकटी, कर्बद्विप्राणिल आणि ‘स्वच्छ’ वायू हे प्रकार आहेत. सोडा-आम्लाला स्थान नाही. वार्षिक निगा चुकविली असता सोडा-आम्लाचे यंत्र केवळ निरुपयोगी होत नसे, ते धोकादायक होत असे. त्याच्या निवृत्तीचे खरे कारण हे आहे.

मधल्या काळातील इतर रसायनांचा परामर्श थोडक्यात घेता येईल. बाकू येथील अलेक्सांद्र लोरान याने विसाव्या शतकाच्या आरंभी तेलाच्या आगीसाठी फेसाचा उपयोग केला. १९११ च्या सुमारास पितळी हातपंपातून कार्बन टेट्राक्लोराइड फवारण्याची पद्धत आली. हे द्रव्य तापले असता फॉस्जीन हा विषारी वायू देते, म्हणून पुढे ते सोडून द्यावे लागले. १९२४ मध्ये कर्बद्विप्राणिल वायूचे नळकांडे आले. हॅलॉन वायू आगीवर अतिशय प्रभावी, पण पृथ्वीभोवतीच्या ओझोन थराला घातक ठरले. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर त्यांचे उत्पादन क्रमाने बंद झाले. भारत या करारात १९९२ मध्ये सामील झाला. ही सर्व उदाहरणे निगेहून पालटाची आहेत : यंत्र चांगल्या स्थितीत असूनही त्यातील द्रव्यच त्याज्य ठरले, म्हणून ते बदलावे लागले. गृहस्थाला हे घरबसल्या कळण्याचा मार्ग नव्हता.

आज घरगुती वापरासाठी सर्वसाधारणपणे घेतले जाते ते ‘एबीसी’ भुकटीचे नळकांडे. त्यात अमोनियम फॉस्फेटची बारीक भुकटी असून ती नायट्रोजन वायूच्या दाबाखाली ठेवलेली असते. त्याच्या डोक्यावर दाब दाखविणारी लहान तबकडी बसविलेली असते. काटा हिरव्या पट्ट्यात असला म्हणजे दाब पुरेसा, लाल पट्ट्यात उतरला म्हणजे तो गेला. ही तबकडी दिसावयास क्षुल्लक असली, तरी इतिहासाच्या दृष्टीने तिचे मोल मोठे आहे. निष्क्रिय पडून राहणारे साधन आपली अवस्था स्वतः सांगू लागले ते तिच्यामुळे. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही ती वाचता येते.

तथापि तबकडी सर्व काही सांगत नाही. एका जागी वर्षानुवर्षे उभी राहिलेली भुकटी तळाशी दाबून बसते. तिने ओल धरली तर तिचे गठ्ठे होतात. दाब शाबूत आणि भुकटी मात्र बाहेर पडत नाही, असे होऊ शकते. कर्बद्विप्राणिलाच्या नळकांड्याला तर तबकडी नसतेच. ते तोलूनच पाहावे लागते, आणि वजनात दहा टक्के घट दिसली की पुन्हा भरून घ्यावे लागते. नळकांडे उन्हात ठेवू नये ही सूचना विदर्भाच्या वैशाखात केवळ औपचारिक नाही. चुलीच्या किंवा गॅसच्या शेगडीच्या अगदी डोक्यावर ते टांगणे हाही असाच एक प्रचलित अविचार. आग लागली की हात तेथपर्यंत पोहोचत नाही. त्याची जागा स्वयंपाकघराच्या दाराशी, बाहेर पडण्याच्या वाटेवर.

निगेचे वेळापत्रक भारतीय मानक संस्थेच्या आचारसंहितेत आले आहे. तिच्या २०१० च्या आवृत्तीने पाणी, फेस व भुकटी यांच्या नळकांड्यांची दाबपरीक्षा दर तीन वर्षांनी आणि कर्बद्विप्राणिलाच्या नळकांड्यांची दर पाच वर्षांनी करावयास सांगितले. पहिल्या तिहींचे आयुष्य दहा वर्षे व शेवटच्याचे पंधरा वर्षे ठरविले. या विषयातील ज्ञानाची केंद्रे विदर्भापासून दूर आहेत असेही नाही. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ मध्ये रामपूर येथे सुरू होऊन १९५७ मध्ये नागपुरास आले. दाबाखालील वायूंच्या नळकांड्यांचे नियमन करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालयही नागपुरातच आहे. असे असूनही देऊळगाव राजासारख्या गावातील घरात टांगलेल्या नळकांड्याशी या साऱ्याचा संबंध फार थोडा येतो. दाबपरीक्षेला यंत्र लागते, नायट्रोजन भरावयास परवानाधारक संस्था लागते. ही सोय तालुक्याच्या प्रत्येक गावी असेलच असे नाही. सोडा-आम्लाचे धोकादायक यंत्र गावात भरता येत होते, भुकटीचे सुरक्षित यंत्र भरण्यास मोठ्या शहराकडे पाहावे लागते. साधन सुधारले आणि त्याची निगा गावाबाहेर गेली, असा हा व्यवहार आहे.

कायद्याचीही मदत येथे अर्धीच आहे. नगरपरिषदांसाठी असलेल्या १९६५ च्या महाराष्ट्र अधिनियमाने आग विझविणे हे नगरपरिषदेचे आवश्यक कर्तव्य मानले. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाने मालकावर वा भोगवटादारावर जबाबदारी टाकून, परवानाधारक संस्थेकडून तपासणी करवून जानेवारी व जुलै अशा दोन महिन्यांत प्रमाणपत्र सादर करण्याची पद्धत घालून दिली. पण तिचा रोख उंच इमारती, रुग्णालये, सभागृहे, कारखाने यांच्याकडे आहे. धाब्याच्या किंवा स्लॅबच्या एकमजली घराच्या दारी प्रमाणपत्र मागावयास कोणी येत नाही. कौटिल्याचा नागरक पाव पणासाठी का होईना, गृहस्थाच्या घरात डोकावत होता; आधुनिक राज्याने तेवढे डोकावणे सोडून दिले आहे. खाजगी घराच्या स्वातंत्र्याच्या दृष्टीने ते योग्यच म्हणावे लागेल, परंतु त्यामुळे निगेचा भार सर्वस्वी घरावर पडतो.

आग किती अवधी देते याची कल्पना या परिसराला वेगळी करून देण्याची गरज नाही. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर, देऊळगाव राजाच्या शेजारच्याच सिंदखेडराजा तालुक्यात, समृद्धी महामार्गावर पिंपळखुटा येथे प्रवासी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी दगावले. घराची आग आणि वाहनाची आग सारखी नव्हे. पण बाहेरची मदत पोहोचण्यापूर्वीची पहिली काही मिनिटे जागच्या माणसांच्याच हाती असतात, ही गोष्ट दोन्हींना समान आहे. नगरपरिषदेचा बंब गावात वेळेवर येऊ शकेल. तालुक्यातील दूरच्या वस्तीवर तो निघाल्यापासूनची मिनिटे मोजावी लागतात.

वापरात नसलेल्या वस्तूंची वर्षातून एकदा विचारपूस करण्याची रीत महाराष्ट्राच्या परंपरेत नाही असे नाही. आश्विन शुद्ध नवमीला, खंडेनवमीस, शस्त्रे व हत्यारे बाहेर काढून पुसतात, त्यांना तेल लावतात व त्यांची पूजा करतात. मूळ हेतू पाहता ही पूजा म्हणजे तपासणीच होय. दसऱ्याला सीमोल्लंघन करावयाचे, तर आदल्या दिवशी तलवार म्यानातून सुखाने निघते की नाही हे पाहिलेच पाहिजे. देऊळगाव राजात तर आश्विन हा बालाजीच्या यात्रेचा महिना. मंडपाच्या प्रचंड लाकडी लाटा वर्षातून एकदा बाहेर निघतात आणि शेकडो हातांनी उभ्या केल्या जातात. ज्या लाकडाखाली माणसे जमावयाची ते लाकूड व तो दोर पारखून घेतल्याशिवाय हे काम होत नाही. आजकाल खंडेनवमीला कचेऱ्यांतील व दुकानांतील अग्निशामकालाही झेंडूची माळ घातलेली दिसते. हळदीकुंकवाचे बोट नेमके तबकडीच्या काचेवर उमटलेले असते, आणि काटा कोठे आहे हे कोणी पाहिलेले नसते. परंपरेतील तपासणी गळून पूजा तेवढी उरल्याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

दुसरे एक पंचांगातील नसलेले निमित्त १४ एप्रिलचे आहे. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाचा स्फोट झाला. कापसाच्या गठाणी आणि दारूगोळा एकाच जहाजात भरलेले होते. आग कापसात लागली व दारूगोळ्यापर्यंत पोहोचली. ती विझविताना अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह देशभर पाळला जातो. वऱ्हाडात हा काळ चैत्र-वैशाखाचा, म्हणजे आगीच्या ऋतूच्या तोंडाशी येणारा. दाब पाहणे, खिटी व सील जागेवर आहे का ते पाहणे, नळकांडे उलटसुलट करून भुकटी सैल करणे, तोटीत कुंभारणीने घर केले असेल तर ते काढणे, एवढे काम या आठवड्यात प्रत्येक घरी अर्ध्या तासात होण्यासारखे आहे. महिन्याकाठी नुसती नजर टाकणे पुरते.

निगेचा प्रश्न एका वेगळ्या रीतीने सुटल्याचे उदाहरण त्याच स्वयंपाकघरात आहे. गॅसचे सिलिंडर घरोघरी, विशेषतः २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर, पोहोचले. दाबाखालील ज्वालाग्राही वायूचे हे भांडे अग्निशामकाहून कितीतरी धोकादायक. तरीही त्याची दाबपरीक्षा गृहस्थाला करावी लागत नाही. सिलिंडर घराच्या मालकीचे नसते. ते रिकामे होते, परत जाते, भरणा-केंद्रावर तपासले जाते आणि दुसरेच सिलिंडर घरी येते. त्याच्या गळ्याजवळच्या पट्टीवर पुढील परीक्षेची तिमाही अ, ब, क, ड या अर्थाच्या रोमन अक्षराने व वर्षाच्या आकड्याने लिहिलेली असते. जाणता गृहस्थ ती पाहून सिलिंडर घेतो. म्हणजे येथे वापरच पुन्हा निगा राखतो, जशी पूर्वी घटाची राखीत होता. गृहस्थाने जपावयाची उरते ती रबरी नळी. ती पाच वर्षांनी बदलावयाची असते, आणि अनुभव असा की स्वयंपाकघरात जुनी राहते ती नेमकी हीच. अग्निशामकही असाच मालकीचा न ठेवता अदलाबदलीने मिळू लागला, तर तालुक्याच्या गावाची बरीच अडचण दूर होईल. गॅस पोहोचविणारी गाडी प्रत्येक गल्लीत जातेच.

कापूस साठविणाऱ्या घरासाठी एक गोष्ट मात्र स्वतंत्रपणे सांगितली पाहिजे, कारण बाजारातील माहितीपत्रकांत ती आढळत नाही. भुकटी ज्वाला दाबते. पण कापसाची आग पृष्ठभागावरून धावून नंतर आत शिरते आणि तासन्‌तास धुमसत राहते. भुकटीने वरची ज्वाला विझली म्हणून खोली बंद करून निश्चिंत होणे घातक ठरते. ढीग उपसावा लागतो, धुमसणारा भाग बाहेर ओढावा लागतो, त्यावर पाणी मारावे लागते. म्हणजे अशा घराला नळकांड्याबरोबर भरलेला रांजण आणि लांब दांड्याचा आकडाही हवा. कौटिल्याची कचग्रहणी येथे अद्याप कालबाह्य झालेली नाही. विजेच्या तारेला व उकळत्या तेलाला मात्र पाणी वर्ज्य. पेटलेल्या कढईवर झाकण घालावयाचे असते. गॅसची गळती पेटली असेल, तर आधी रेग्युलेटरची कळ बंद करावयाची, मग ज्वालेकडे पाहावयाचे.

पालटाविषयी घरोघरी जी टाळाटाळ होते तिचे कारण समजण्यासारखे आहे. जे नळकांडे दहा वर्षांत एकदाही वापरले नाही, जे बाहेरून नवे दिसते, ते टाकून दुसरे घ्यावयाचे हे काटकसरी गृहस्थाला पटत नाही. रांजण फुटतो तेव्हा तो आपण होऊन पालट मागतो. पोलादी नळकांडे तसे काही मागत नाही. या दिसण्याचाच गैरफायदा जुन्या मालाच्या बाजारात घेतला जातो. मुदत संपलेल्या नळकांड्याला लाल रंगाचा नवा हात देऊन व नवे लेबल चिकटवून ते पुन्हा विकावयास ठेवता येते. म्हणून विकत घेताना लेबलावरील तारखेवर न विसंबता अंगावर ठोकलेले निर्मितीचे वर्ष, मानक चिन्ह आणि दाबपरीक्षेची खूण पाहावी. रंगाचा थर जाड असून आकडे बुजलेले असतील तर ते घेऊ नये. घरातील जुने नळकांडे भंगारात देण्यापूर्वी त्याचा दाब जाणत्या माणसाकडून सोडवून घ्यावा, आणि ते पुन्हा भरता येणार नाही असे त्याच्या अंगाला भोक पाडवून मगच ते द्यावे.